वाचकांचे प्रश्न : सकाळ जड जाते तेव्हा

नैराश्याविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत औषधांपेक्षा दिनक्रमाविषयी अधिक विचारलेले असते. अंथरुणातून उठणे, अंघोळ, डबा, फोन उचलणे, सणाला पाहुण्यांत बसणे या साध्या गोष्टी एकाएकी इतक्या अवघड का होतात आणि ते घरच्यांना कसे सांगावे, हा बहुतेकांचा प्रश्न असतो. म्हणून या वेळी त्याच विषयावरची चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. मी बँकेत नोकरी करते. पाच महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. थोडा फरक आहे, पण अजून पहाटे साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. सहा वाजता ओट्यापाशी उभी राहते, तर आधी कणीक मळावी की भाजी चिरावी हेच ठरत नाही. बँकेत मात्र ग्राहकांशी हसून बोलते. घरी आले की साडीसुद्धा न बदलता पलंगावर पडते. यजमान विचारतात, ‘बँकेत हसतेस, मग घरी आल्यावरच काय होते?’ सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असल्या आजारांना सवड नव्हती.’ नेमके काय होते ते मला सांगता येत नाही. मी रडत नाही, कसले मोठे दुःखही नाही. मुलीला दहावीत उत्तम गुण मिळाले, घरात पेढे वाटले आणि मला काहीच वाटले नाही, ही गोष्ट मनाला खात राहते. कधी रात्री वाटते की उद्याची सकाळ झालीच नाही तर बरे होईल. घरच्यांना काय आणि कसे सांगू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सकाळ होऊ नये असे वाटते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. मी तिथूनच सुरुवात करते. हा विचार या आजारात पुष्कळांना येतो. तो आजाराचा भाग आहे आणि तो आल्याने तुम्ही दुबळ्या किंवा कृतघ्न ठरत नाही. मात्र तो तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. यजमानांनाही सांगा आणि काही काळ गोळ्यांची पाकिटे त्यांच्याकडे ठेवायला द्या. हा विचार कधी अधिक ठळक झाला, स्वतःला इजा करावी असे वाटू लागले, तर त्या क्षणी एकट्या राहू नका, घरातल्या कोणाला तरी उठवा आणि जवळच्या रुग्णालयात जा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते. हे उत्तर वाचणाऱ्या कुटुंबीयांना मुद्दाम सांगते, की ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार नव्याने कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे, त्याला कोणीतरी विचारले याचाच मोठा आधार वाटतो.

आता तुमच्या दिवसाविषयी. पहाटेची ती जाग निद्रानाशाची साधी तक्रार नसते. नेहमीच्या वेळेपेक्षा दोन किंवा अधिक तास आधी जाग येणे, सकाळी मन सर्वांत जड असणे आणि संध्याकाळपर्यंत ते थोडेफार हलके होणे हा नैराश्याच्या एका प्रकाराचा ओळखीचा क्रम आहे. त्यामुळे घरात हमखास गैरसमज होतो. संध्याकाळी तुम्ही चार शब्द बोललात, मुलीबरोबर जेवलात, तर बाकीच्यांना वाटते की आता तर बरी आहे, मग सकाळचे ते काय होते? दोन्ही वेळा खऱ्याच असतात, आणि आजाराची ही चाल घरच्यांना माहीत झाली तर निम्मे वाद तिथेच थांबतात.

ओट्यापाशी जे होते, ते मला या आजाराचे मर्म वाटते. निरोगी माणूस सकाळच्या दोन तासांत कितीतरी छोटे निर्णय घेतो आणि त्यांतला एकही त्याच्या लक्षात राहत नाही, कारण ते निर्णय आहेत हेच त्याला जाणवत नाही. नैराश्यात विचारांची आणि हालचालींची गती मंदावते, एकाग्रता टिकत नाही, आणि प्रत्येक छोट्या कामाची सुरुवात स्वतंत्रपणे, जोर लावून करावी लागते. कणीक मळणे तुम्हाला येते, हातांतही ताकद आहे, पण ‘आता कणीक’ असे मनाने ठरवून हात उचलण्यापर्यंतचे अंतर वाढलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते अंतर दिसत नाही. त्याला ओट्यापाशी थांबलेली बाई दिसते आणि तो त्याला आळस म्हणतो. रुग्णही स्वतःला तेच म्हणू लागतो. माझ्या मते या आजारातील सर्वांत क्रूर गोष्ट हीच आहे, कारण मग दिवसभराच्या थकव्यात स्वतःला दोष देण्याचा थकवाही मिळतो.

बँकेतल्या हसण्याचे कोडे यातूनच उलगडते. काउंटरवर पुढचे काम कोणते, हे तुम्हाला ठरवावे लागत नाही. समोर ग्राहक येतो, त्याची स्लिप येते, रक्कम मोजायची असते, मग पुढचा ग्राहक. प्रत्येक कामाची सुरुवात दुसरे कोणीतरी करून देते. शिवाय नोकरीच्या ठिकाणी चेहरा सांभाळावाच लागतो, आणि तो सांभाळण्यात दिवसभराची शिल्लक संपते. घरी कोणी टोकन देत नाही आणि चेहरा सांभाळण्याची सक्तीही नसते, म्हणून तुम्ही आडव्या होता. यजमानांना सांगा, की मी बँकेत हसते म्हणून बरी आहे असे समजू नका. घरी मी पडू शकते, कारण हे घर आहे.

मुलीच्या निकालाच्या दिवशी काहीच न वाटणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे, हे तुम्हाला कोणी स्पष्ट सांगितलेले दिसत नाही. नैराश्याचे निदान करताना दोन गोष्टी प्रामुख्याने पाहतात. किमान दोन आठवडे बहुतेक वेळ मन खिन्न असणे ही एक, आणि ज्यात पूर्वी रस किंवा आनंद वाटे त्यात तो न वाटणे ही दुसरी. यांपैकी एक जरी असली आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा यांची इतर लक्षणे पुरेशी असली, तरी निदान होते. रडू न येताही नैराश्य असते, ते असे. आणि ‘मी कसली आई’ ही टोचणीही त्याच लक्षणांच्या यादीतली आहे, तिला तुमच्या स्वभावाचा पुरावा मानू नका. मुलीशी मात्र बोला. सोळा वर्षांच्या मुलीला आईचा कोरा चेहरा दिसतो आणि तिला त्याचा अर्थ तिच्या परीने लावावा लागतो. बहुतेक मुले तो अर्थ ‘माझेच काही चुकले’ असा लावतात. ‘तुझे यश मला कळले आहे, त्याची किंमतही कळते, पण सध्या या आजारामुळे आनंद आतपर्यंत पोहोचत नाही, तो पुढे पोहोचेल’ एवढे तिला पुरेल.

आता घरच्यांना कसे सांगावे. ‘नेमके काय होते?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्नच सोडून द्या, कारण भावनांचे वर्णन करायला जी एकाग्रता लागते, तीच सध्या कमी आहे. कामाच्या भाषेत सांगा. ‘पोळ्या मी करीन, पण भाजी कोणती हे तुम्ही ठरवा आणि चिरून द्या.’ ‘रात्री आलेल्या फोनला उत्तर तुम्ही द्या.’ रविवारी यजमानांनी किंवा मुलीने आठवड्याच्या डब्यांचा कागद लिहून फ्रीजवर लावला, तर तुमच्या सकाळीतले पाच-सहा निर्णय कमी होतील, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. यजमानांना माझी विनंती आहे की दिवसातून अनेकदा ‘कसे वाटते?’ असे विचारण्याऐवजी ‘आता मी काय हातात घेऊ?’ असे विचारावे.

सासूबाईंच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या, ते स्वाभाविक आहे. पण हा आजार त्यांच्या काळातही होता. तेव्हाच्या बायका ‘डोके दुखते’, ‘अंगात त्राण नाही’, ‘जीव घाबरा होतो’ असे सांगत आणि स्वयंपाक करत राहत. कोणी त्यांना थांबवून विचारत नसे. ‘सवड नव्हती’ या शब्दांत कदाचित त्यांची स्वतःची न विचारली गेलेली काही वर्षे असतील. एखाद्या दुपारी त्यांना विचारून पाहा, वाद म्हणून नव्हे, खरोखर जाणून घ्यायचे म्हणून.

शेवटी उपचाराबद्दल. पाच महिने गोळ्या घेऊनही पहाटेची जाग आणि असे विचार टिकून असतील, तर हा उपचार तुम्हाला पुरेसा पडत नाही, आणि ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने लक्षणे जवळजवळ पूर्ण गेलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. बाकीच्यांना मात्रा बदलणे, औषध बदलणे किंवा जोडीला मानसोपचार घेणे असे पुढचे टप्पे लागले. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, कारण या तिन्हींची कमतरता थकवा आणि मंदपणा वाढवते. पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर न्या. जे तुम्ही घरी सांगू शकत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे त्यांना सोपे जाईल.

प्रश्न : आमचा मुलगा २१ वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, नंतर तो वर्गात जाईनासा झाला, म्हणून पुण्याहून घरी आणले. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी नैराश्य सांगून औषध सुरू केले. दिवसभर खोलीत असतो, चार-चार दिवस अंघोळ करत नाही, रात्रभर मोबाइल पाहतो. मी म्हणतो, पहाटे उठून धावायला जा. त्याची आई म्हणते, त्याला काहीही म्हणू नका. यावरून आमच्यात रोज वाद होतात. कोणाचे बरोबर?
— एक पालक, नाशिक

उत्तर : हालचाल उपयोगी पडते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि मुलाला आत्ता टोचून बोलू नये हे त्याच्या आईचे. चूक आहे ती मापात. नैराश्यात माणूस ‘बरे वाटले की करीन’ म्हणून थांबतो आणि काहीच न केल्यामुळे बरे वाटण्याची संधी आणखी कमी होते. त्यावर उपाय म्हणून मन लागण्याची वाट न पाहता छोटी, ठरलेली कृती आधी करायची, अशी एक मान्य उपचारपद्धत आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हीच पद्धत वापरली. तेथे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. सहा ते आठ बैठकांत ते रुग्णाबरोबर बसून त्याच्या रोजच्या जगण्यातल्या कृती ठरवत. नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत त्याचा चांगला परिणाम दिसला, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

पण त्या कृती रुग्णाच्या आजच्या ताकदीच्या मापाच्या असतात. जो मुलगा अंघोळीपर्यंत पोहोचत नाही, त्याला पहाटेची धाव म्हणजे आणखी एक न जमलेली गोष्ट. अंघोळ आपल्याला एक काम वाटते. त्याच्यासाठी उठणे, कपडे शोधणे, टॉवेल घेणे, गीझर लावणे, पाणी तापेपर्यंत थांबणे, कपडे काढताना थंडी सोसणे, साबण, डोके पुसणे, पुन्हा कपडे घालणे अशी ती साखळी आहे आणि प्रत्येक कडीशी तो थांबू शकतो. म्हणून काही दिवस पाणी तुम्ही तापवून ठेवा, टॉवेल आणि कपडे दाराशी ठेवा आणि ‘पाणी काढले आहे’ एवढेच म्हणा. त्याने नुसते तोंड धुऊन बाहेर येऊन चहा घेतला, तर त्या दिवसाचे काम झाले असे समजा, आणि त्याचा गाजावाजाही करू नका. या मुलांना मोठ्या कौतुकाचीही लाज वाटते.

मोबाइलबद्दल बहुतेक पालक तुमच्यासारखेच चिडतात. पण तो बहुधा आजाराचे कारण नसतो. रात्री झोप येत नाही, एकटे असताना स्वतःला दोष देणारे विचार वाढतात, आणि मोबाइल हा काहीही न मागणारा सोबती असतो. तो हिसकावून घेऊ नका. घरातल्या सगळ्यांचेच फोन रात्री अकरानंतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे, असा नियम तुम्ही स्वतःपासून सुरू करा. संध्याकाळी ‘चल, दूध आणायला माझ्याबरोबर ये’ म्हणून त्याला कोपऱ्यापर्यंत न्या. समोरासमोर बसून प्रश्न विचारण्यापेक्षा बरोबर चालताना मुले अधिक बोलतात, आणि नाही बोलली तरी चालणे झालेले असते. त्या वेळी राहिलेले विषय, फी, आतेभावाची नोकरी यांपैकी काहीही काढू नका. महाविद्यालयाला वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन वर्षाचे काय करता येईल, हे तुम्ही परस्पर विचारून ठेवा आणि तो विचारील तेव्हा सांगा.

दोन गोष्टींकडे मात्र डोळसपणे पाहा. पंचविशीच्या आतील रुग्णांत नैराश्याची औषधे सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींची अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तशी ठळक सूचना २००४ मध्ये मुलांसाठी दिली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली. म्हणून औषध बंद करायचे नसते, तर त्या काळात मुलाला एकटे पडू द्यायचे नसते आणि बदल दिसताच डॉक्टरांना फोन करायचा असतो. घरात शेतीची औषधे असतील तर ती कुलपात ठेवा. दुसरी गोष्ट अशी, की तो एकाएकी फार कमी झोपूनही ताजातवाना दिसू लागला, अखंड बोलू लागला, मोठमोठ्या योजना आखून पैसे उधळू लागला, तर ‘आता बरा झाला’ असे न समजता लगेच डॉक्टरांना कळवा, कारण अशा वेळी निदान वेगळे असू शकते आणि औषधही बदलावे लागते.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, एसटीतून निवृत्त झालेला वाहक. आठ महिने पाठ आणि पोट दुखते, जेवणाला चव नाही, वजन उतरले, घरातल्यांवर उगाच चिडतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता डॉक्टरांनी मनाच्या आजाराची गोळी दिली. मला कसलेही दुःख नाही. डॉक्टर माझे दुखणे खोटे समजतात का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपले दुखणे खरे आहे, आणि आपल्या डॉक्टरांनी ते खरे मानल्यामुळेच गोळी दिली आहे. मेंदूतील ज्या रसायनांचा संबंध मनःस्थितीशी आहे, तीच वेदनेची जाणीव कमी-अधिक करण्यातही भाग घेतात. म्हणून नैराश्यात पाठ, पोट, डोके खरोखर दुखते. आपल्या पिढीतील पुरुषांना ‘मला वाईट वाटते’ असे म्हणण्याची सवय कधी लागली नाही, त्यामुळे आजार दुखण्यातून आणि चिडचिडीतून आधी दिसतो. गोळीचा परिणाम यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा पोट बिघडणे होऊ शकते, ते बहुधा आठवड्याभरात कमी होते. खासगी उपचार परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. मात्र वजन उतरतच राहिले, किंवा एखादे नवे दुखणे सुरू झाले, तर ‘तेही मनाचेच असेल’ असे स्वतः ठरवू नका, पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : वय २८. तीन महिन्यांपासून गोळी घेते आहे आणि गेला महिना अगदी पूर्वीसारखी आहे. लग्नाची बोलणी चालू आहेत. आई म्हणते, आता गोळी बंद कर, उगाच सवय लागेल आणि मुलाकडच्यांना कळेल. बंद करू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्वतःहून करू नका. बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने त्याच मात्रेत औषध चालू ठेवतात, कारण लवकर थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. या गोळ्यांची नशा होत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. एकदम बंद केल्यास मात्र चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो, म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात.

मुलाला सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते साखरपुड्याच्या आधी, तुमच्याच तोंडून, दोन-तीन वाक्यांत. लपवलेली गोळी रोज लपवावी लागते, आणि ज्या घरात आजारी पडल्यावर तसे म्हणता येत नाही, तिथे आजार उलटला तर मदत मागायला उशीर होतो. लग्नानंतर बाळाचा विचार कराल तेव्हा तो आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. काही औषधे गरोदरपणात चालू ठेवता येतात, काही बदलावी लागतात, आणि तो निर्णय दिवस राहण्याआधी घेणे चांगले.

पूर्ण बरे झाल्यावरही एखादा दिवस जड जाईल. तेवढ्याने आजार परतला असे होत नाही. पण या वेळी तो सुरू कसा झाला होता, हे आठवून आत्ताच एका कागदावर लिहा. पहाटे जाग येऊ लागली होती का, मैत्रिणींच्या फोनला उत्तर देणे थांबले होते का, भूक आधी गेली की झोप, हे त्यात असू द्या. त्याची एक प्रत विश्वासातल्या एका माणसाकडे द्या. त्या खुणांपैकी काही सलग दोन आठवडे दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.